दूरची डिस्क आणि घरातली पेटी

सदर : विज्ञान घरोघरी



या आठवड्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र हाती आहे. त्यांचे यजमान कोळसा खाणीत कामाला आहेत. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. घरात जुना, दुसऱ्याने वापरलेला लॅपटॉप घेतला आहे. भगिनी लिहितात, “दादा, दुकानदाराने सांगितले की यात १२८ जीबीची एकच डिस्क आहे. पण मुलाने काहीतरी केले आणि आता सी डिस्कच्या खाली आणखी एक डिस्क दिसते. मी विचारले, ही कुठून आली? तो म्हणाला, आई, ही डिस्क आपल्या घरात नाहीच, दूर कुठेतरी आहे. त्याने माझ्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला, जातीचे दाखले, १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली त्या वेळचा त्यांचा फोटो, सगळे त्या डिस्कमध्ये टाकले. आता म्हणतो, पेटीतले जुने कागद पिवळे पडलेत, वाळवी लागेल, टाकून दिले तरी चालतील. परवा लॅपटॉप उघडला तर ती डिस्कच गायब! माझ्या पोटात गोळा आला. मुलगा घरी आला, पासवर्ड टाकला, तेव्हा परत दिसली. तुम्हीच सांगा, पेटीतले कागद टाकू की नको?”

पत्र वाचून प्रथम उत्तर देतो, मग कारण सांगतो. ताई, पेटीतला एकही कागद टाकू नका. पण मुलाने केले ते चुकीचे केले असेही समजू नका. त्याने अर्धे काम केले आहे. उरलेले अर्धे कसे करायचे ते समजण्यासाठी ही दूरची डिस्क म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

खिडकीवरचा कारकून

आपण एखाद्या मोठ्या वाचनालयात गेलो आहोत असे समजा. खिडकीवर कारकून बसला आहे. आपण चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून देतो. तो मागच्या कपाटातून पुस्तक काढून आणतो आणि आपल्या हाती ठेवतो. कपाट कोणते, पुस्तक कितव्या फळीवर होते, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. आपला व्यवहार खिडकीशी.

आता समजा, वाचनालयाची जागा अपुरी पडली म्हणून निम्मी पुस्तके शहराच्या दुसऱ्या टोकाला गोदामात ठेवली. आपण चिठ्ठी दिली की कारकून सायकलवरून पोऱ्याला पाठवतो. तो पुस्तक घेऊन येतो. खिडकी तीच, चिठ्ठी तीच, पुस्तकही तेच. फरक पडला तो एवढाच, की वेळ जास्त लागला. आणि रस्ता बंद असला तर पुस्तक मिळणार नाही.

संगणकात हेच घडते. आपण फोटो उघडतो तेव्हा फोटो दाखवणारा प्रोग्राम स्वतः डिस्कला हात लावत नाही. तो विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीला म्हणतो, “अमुक नावाची फाइल द्या.” कार्यप्रणालीत फाइलींचा हिशेब ठेवणारा एक भाग असतो. तो आपला कारकून. फाइल घरच्या डिस्कवर असेल तर तो तिथून काढतो. दूरच्या डिस्कवर असेल तर इंटरनेटवरून निरोप धाडतो. तिकडे एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तो आपल्या डिस्कवरून फाइल वाचतो आणि परत पाठवतो. फोटो दाखवणाऱ्या बिचाऱ्या प्रोग्रामला यातले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी ती घरचीच डिस्क. म्हणून ती सी डिस्कच्या शेजारी, एक अक्षर लावून, दिमाखात दिसते.

कारकून आणखी एक शहाणपण करतो. जे पुस्तक वारंवार मागितले जाते ते गोदामात परत न धाडता टेबलावरच ठेवतो. संगणकही नुकत्याच उघडलेल्या फाइलींची प्रत घरच्या डिस्कवर तात्पुरती ठेवतो. याला कॅश म्हणतात. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा लवकर उघडते. कॅश ही सोयीची गोष्ट आहे, पण ती फसवतेही. काल उघडलेला फोटो आज इंटरनेट नसतानाही दिसतो आणि आपल्याला वाटते, सगळेच घरात आहे.

ही कल्पना आजची नाही

आज “क्लाउड” हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. क्लाउड म्हणजे ढग. त्यामुळे अनेकांना वाटते की आपले फोटो आकाशात कुठेतरी जातात. आकाशात काही जात नाही. जमिनीवर इमारती असतात, त्यांत कपाटांसारख्या चौकटींत हजारो संगणक रचलेले असतात, ते तापू नयेत म्हणून थंडाव्याची यंत्रे घरघरत असतात आणि वीज गेली तर जनरेटर सुरू होतात. आपली फाइल त्यांतल्या कुठल्यातरी डिस्कवर असते.

दूरची डिस्क आपलीशी करून वापरण्याची युक्ती चाळीस वर्षांपूर्वीची. १९८४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एनएफएस नावाची पद्धत आणली. त्या काळी डिस्क फार महाग होती. म्हणून काही संगणक डिस्कशिवायच बनवत. खोलीतले असे सगळे संगणक एका मोठ्या सर्व्हरची डिस्क वायरीवरून वापरत. गरिबीतून निघालेली वाट म्हणा ना! एकाच विहिरीवर साऱ्या वस्तीने पाणी भरावे तसा प्रकार.

पुढे १९९२ साली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या तरुणाने सांबा नावाचा प्रोग्राम लिहिण्यास सुरुवात केली. त्यामुळे युनिक्स आणि नंतर लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची डिस्क विंडोजच्या संगणकावर दिसू लागली. हा प्रोग्राम आजही फुकट मिळतो. तो आपल्या विहारांच्या किती उपयोगी आहे ते पुढे सांगतो.

एक गमतीची गोष्ट. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल ही ई-मेलची सेवा सुरू केली आणि प्रत्येकाला १ जीबी जागा फुकट देऊ केली. इतर फुकट सेवा तेव्हा दोन-चार एमबी देत असत. त्याच वर्षी एका प्रोग्रामरने डोके चालवले. त्याने असा प्रोग्राम लिहिला की जीमेलची टपालपेटी लिनक्सच्या संगणकावर चक्क डिस्क म्हणून दिसे. फाइल टाकली की तिचे तुकडे होऊन ई-मेलला जोडले जात आणि स्वतःच्याच पत्त्यावर पाठवले जात. फाइल उघडली की ती पत्रे शोधून तुकडे पुन्हा सांधले जात. पण जीमेलच्या रचनेत बदल झाला की हा प्रोग्राम बंद पडे आणि पुन्हा दुरुस्त करावा लागे. जागा दुसऱ्याची होती, त्यामुळे नियमही दुसऱ्याचे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. आजही ती तितकीच खरी आहे.

२०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आले. आता प्रोग्राम बसवला की ते विंडोजमध्ये बहुधा ‘जी’ अक्षराची डिस्क म्हणून दिसते. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स याच जातकुळीतले. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे. पण ती ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. पूर्वी फोटोंना थोडा दर्जा कमी करून अमर्याद जागा मिळत असे. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यामुळे अनेकांचा फोन आता “जागा भरली” म्हणून सारखा कुरकुरतो.

तीन गोष्टी तपासून पाहा

तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कुणाच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. ताईंनी व त्यांच्या चिरंजीवांनी तसेच करावे.

पहिली पारख : इंटरनेट बंद करा आणि त्या डिस्कमधली बरेच दिवस न उघडलेली फाइल उघडून पाहा. उघडली तर तिची प्रत घरच्या डिस्कवर आहे. नाही उघडली तर नुसते नाव घरात आहे, वस्तू दूर आहे. गूगल ड्राइव्हच्या प्रोग्राममध्ये दोन पद्धती असतात. एकीला स्ट्रीम म्हणतात. तीत फाइली दूर राहतात आणि मागितल्यावर येतात. घरची जागा वाचते. दुसरीला मिरर म्हणतात. तीत सगळ्या फाइली दोन्हीकडे राहतात, पण घरची जागाही तेवढीच लागते. १२८ जीबीच्या लॅपटॉपवर मुलाने पहिली पद्धत निवडली असणार.

दुसरी पारख : एक बिनकामाची फाइल त्या डिस्कमध्ये टाका, फोनवर ती दिसते का पाहा, आणि मग लॅपटॉपवरून पुसून टाका. थोड्या वेळाने फोनवरूनही ती नाहीशी झालेली दिसेल. यातून मोठा धडा मिळतो. इकडचे पुसले की तिकडचेही पुसले जाते. मिरर पद्धतीतही हेच होते. आरशासमोर आपण टोपी काढली तर आरशातला माणूस टोपी घालून कसा राहील? म्हणून दोन्हीकडे दिसते म्हणजे दोन सुरक्षित प्रती आहेत असे नव्हे. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत असते, तोवर परत काढता येते. पुढे नाही.

फोनवरच्या फोटोंचीही हीच गत. गूगल फोटोमध्ये जाऊन “फोनमध्ये जागा करू या” म्हणून फोटो पुसले की दूरची प्रतही पुसली जाते. त्याऐवजी त्याच प्रोग्राममध्ये जागा मोकळी करण्याचे वेगळे बटण असते. ते दूर पोहोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढते. हा फरक घरातल्या आजींपासून नातवापर्यंत सर्वांनी समजून घ्यावा. लग्नाचे, नामकरणाचे फोटो असे किती घरांतून गेले असतील!

तिसरी पारख : त्या डिस्कची किल्ली कुणाकडे आहे? ताईंच्या घरी डिस्क गायब झाली त्याचे कारण मुलाने स्वतःच पत्रात खाली लिहिले आहे. त्याने फोनवरून पासवर्ड बदलला होता. लॅपटॉपला जुनाच माहीत होता, म्हणून त्याला तिकडे दार उघडेना. फाइली जिथल्या तिथे होत्या, वाट मात्र बंद झाली होती. ताईंना पासवर्ड माहीत नव्हता. उद्या मुलगा नोकरीला परगावी गेला तर? खाते कुणाच्या नावाचे, त्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणता, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक हवे. आपल्याकडे रिचार्ज परवडत नाही म्हणून सिम बंद पडते, नवे घेतले जाते. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग पासवर्ड विसरल्यावर येणारा आकडा त्याच्या फोनवर जातो आणि आपण दाराबाहेर उभे! नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यातही बदला. शिवाय दोन वर्षे ज्या वैयक्तिक खात्याला कुणी हातच लावला नाही ते खाते त्यातल्या ऐवजासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. तेव्हा ठेवून विसरून जाऊ नका.

वेळ का लागतो?

दुसऱ्या एका वाचकाने मागे विचारले होते की दूरच्या डिस्कवर फाइल टाकायला इतका वेळ का लागतो. हिशेब सोपा आहे. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिटचे कनेक्शन सेकंदाला १ एमबी नेते. ४ एमबीचा फोटो चार सेकंदांत जाईल. पण १५ जीबी म्हणजे सुमारे १५,००० एमबी. त्याला १५,००० सेकंद, म्हणजे चार तास दहा मिनिटे लागतील. तीही वेग पूर्ण मिळाला तर. माल वर चढवण्याचा वेग बहुधा उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. म्हणून आधी दाखले चढवा, मग फोटो, आणि लग्नाचा व्हिडिओ सर्वांत शेवटी. काम पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत लॅपटॉप मिटू नका.

कागद का टाकू नयेत?

आता मूळ मुद्दा. आपल्या घरातल्या पेटीत जे कागद आहेत ते रद्दी नव्हेत. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना महसुली उतारा, जन्माची नोंद यांवर नातीचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. बौद्धांच्या घरी आणखी एक गोष्ट आहे. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना अनुसूचित जातींत गणले जावे म्हणून समाजाला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या साली कायद्यात दुरुस्ती झाली. जुन्या दाखल्यावर एक शब्द, नव्या दाखल्यावर दुसरा शब्द, आणि मधली साखळी जोडणारा एखादाच कागद. तो मूळ कागद अधिकारी पाहायला मागतात. आपण घरी काढलेला त्याचा फोटो ही केवळ प्रतिमा आहे.

सरकारच्या डिजिलॉकरबद्दल अनेकांचा गोंधळ होतो. २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली. तिच्यात दोन कप्पे असतात. एका कप्प्यात सरकारी कार्यालयाने वा शिक्षण मंडळाने स्वतः धाडलेले दस्तऐवज येतात. २०१६ च्या आणि त्यातील २०१७ च्या दुरुस्तीच्या नियमांप्रमाणे हे दस्तऐवज मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः फोटो काढून चढवतो. त्यासाठी १ जीबी जागा आहे. या दुसऱ्या कप्प्यातल्या कागदाला तो मान नाही. आजोबांचा १९४० च्या सुमाराचा दाखला त्या दुसऱ्याच कप्प्यात जाणार. म्हणजे मूळ जपायलाच हवा.

मग दूरच्या प्रतीचा उपयोग काय? फार मोठा उपयोग आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत छातीएवढे पाणी शिरले. माणसे माळ्यावर चढली, पेट्या खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी दाखल्यांचे लगदे बाहेर काढले. त्या कागदांचा फोटो जरी दूर कुठे असता, तरी दाखला कोणत्या शाळेचा, नोंद क्रमांक कोणता, साल कोणते, हे सांगता आले असते आणि शाळेतून दुसरी प्रत काढणे सोपे गेले असते. वस्तीला आग लागते तेव्हाही हेच होते. दूरची प्रत अशा दिवसासाठी असते.

आपला इतिहासच सांगतो

बाबासाहेब १९१७ साली शिक्षण अर्धवट ठेवून लंडनहून मुंबईस परतले. अमेरिकेत उपाशीतापाशी राहून त्यांनी ग्रंथ जमवले होते. ते सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि बाबासाहेबांचे ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. ज्या माणसाने पुढे राजगृह ग्रंथांसाठी बांधले, त्याला त्या वेळी काय वाटले असेल? सामानाचा विमा होता म्हणून थोडे पैसे मिळाले. ग्रंथ मात्र गेले.

पुढे बाबासाहेबांच्या पश्चात त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ती खंडांच्या रूपाने छापण्यास सुरुवात केली. एका पेटीतला मजकूर हजारो घरांत पोहोचला. आता एखादी पेटी भिजली तरी तो मजकूर मरणार नाही.

धम्माचेही तसेच आहे. नालंदेचे ग्रंथालय जळाले. पण त्याआधी चिनी भिक्षू ह्युएन त्संग ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन चीनला पोहोचला होता. सिंहलद्वीपात ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात अलुविहार येथे त्रिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. भारतात नाहीसे झालेले संस्कृत ग्रंथ राहुल सांकृत्यायन यांना विसाव्या शतकात तिबेटच्या मठांत सापडले. धर्मकीर्तीचा प्रमाणवार्तिक हा त्यांतलाच. ब्रह्मदेशात मंडालेला ७२९ संगमरवरी शिळांवर त्रिपिटक कोरलेले आहे. आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात संपूर्ण पाली त्रिपिटक सीडीवर आणले. ताडपत्र, शिळा, सीडी. साधन बदलत गेले. पण धम्म टिकला तो प्रती अनेक होत्या आणि त्या दूर दूर होत्या म्हणून. जिथे एकच प्रत होती तिथे आपण गमावले.

विहारात काय करता येईल?

आता सांबाविषयी. अनेक विहारांत अभ्यासिका आहेत. एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. त्यावर लिनक्स आणि सांबा बसवले, त्यात एक मोठी डिस्क टाकली आणि साध्या वायरीच्या जाळ्याने इतर संगणक जोडले, तर अभ्यासिकेतल्या प्रत्येक संगणकावर ती डिस्क आपलीच म्हणून दिसेल. स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, बाबासाहेबांचे खंड, शिकवण्यांचे व्हिडिओ एकदाच ठेवायचे, सर्वांनी वापरायचे. १०० मेगाबिटच्या वायरीवर सेकंदाला सुमारे १२ एमबीपर्यंत वेग मिळतो आणि कुणाचाही डाटा खर्च होत नाही. हे काम डिप्लोमाची दोन मुले एका रविवारात करू शकतील.

एक पथ्य पाळा. ही डिस्क विहाराच्या भिंतीआतच ठेवा, इंटरनेटला उघडी करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो विंडोजच्या याच फाइल वाटपाच्या जुन्या पद्धतीतील भोकातून. त्याने लोकांच्या फाइलींना कुलपे घातली आणि पैसे मागितले. बाहेरगावाहून वापरायचीच असेल तर एसएसएचएफएस ही पद्धत आहे. तिच्यात येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट गुप्त लिपीत असते. विद्यार्थ्यांनी ती जरूर शिकावी. नोकरीतही उपयोगी पडते. आणि घरोघरचे आधार कार्ड, बँकेचे कागद विहाराच्या सामाईक डिस्कवर ठेवू नयेत. सामाईक जागा सामाईक गोष्टींसाठी.

ताईंनी काय करावे?

१. पेटीतले कागद रविवारी बाहेर काढावेत. सावलीत हवा द्यावी. प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. लॅमिनेशन करू नये. मग मागच्या बाजूचा शिक्का तपासणे, कागद पारखणे अवघड होते. पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावी.

२. मुलाने प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत. नाव असे द्यावे की दहा वर्षांनीही कळेल : कुणाचा, कसला, कोणत्या सालचा. नुसते आकडे असलेले नाव ठेवू नये.

३. एक संच दूरच्या डिस्कवर ठेवावा. आधार, बँक यांचे कागद आधी पासवर्डच्या कुलपात घालावेत. सेव्हन-झिप या फुकटच्या प्रोग्रामने ते जमते. इंटरनेटवरची वाट कुलूपबंद असली तरी साठवणाऱ्या कंपनीकडे सहसा किल्ली असते.

४. दुसरा संच पेनड्राइव्हवर घेऊन नात्यातल्या विश्वासू माणसाच्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावा. मामाच्या घरी ठेवला तर उत्तम. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आधी म्हणा, तो उघडून पाहावा.

५. पासवर्ड आणि जोडलेला नंबर वहीत लिहून पेटीत ठेवावा. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात आपले खाते उघडले तर निघताना ते बंद करावे आणि तिथल्या संगणकावर उतरवलेला दाखला पुसून मगच उठावे. पुसायला सांगताना लाजू नये.

जाणकार लोक याला एक सोपा नियम सांगतात : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. ताईंच्या घरी पेटी आहे, दूरची डिस्क आहे. मामाकडचा पेनड्राइव्ह तेवढा राहिला आहे.

ताई, तुमच्या चिरंजीवांना आमचा जय भीम सांगा. दीक्षेच्या वेळचा तो फोटो त्याने चढवला याचे कौतुक वाटते. पण त्या फोटोच्या मागे सासऱ्यांनी काही लिहिले आहे का, तेही पाहायला सांगा. असेल तर त्याचाही फोटो घ्या. आणि मूळ फोटो पेटीत परत ठेवा.

वाचकांनी आपापल्या पेटीतले असे जुने कागद कोणते आहेत, ते कसे जपले आहेत, हे आम्हाला जरूर कळवावे. दाखल्याचे क्रमांक मात्र पत्रात लिहू नयेत.

नमो बुद्धाय, जय भीम!